गुरुवार सोडून

जिजी गेली गुरुवारी.
दुसऱ्या कुठल्या वारी तिला वेळ नव्हता.
गुरुवारी गंज पेठेत लाईट नसायची,
मोटरचा पट्टा गप्प लोंबत राहायचा,
आणि ती पायरीवर पाय पसरून
नखातलं पीठ काडीनं काढत बसायची.
तशीच बसलेली सापडली.
काडी हातात.

'झगडे पिठाची गिरणी.'
पाटीवरचं आडनाव वाचून नवं गिऱ्हाईक हसायचं,
मग जिजीचा आवाज ऐकून
हसायचं थांबायचं.
पंचेचाळीस वर्षं त्या घरघरीच्या वरताण बोलून
हळू बोलणं ती विसरूनच गेली होती.
घरातली गुपितंसुद्धा ओरडून सांगायची.
माझे बारावीचे मार्क
मला कळले, आणि त्याच मिनिटाला
मीठगंज चौकीलाही.

आजोबांनी दहा हॉर्सपॉवरची मोटर बसवली
आणि सहा महिन्यांत फोटोत जाऊन बसले.
मागे चार पोरं, अठ्ठावीस हप्ते.
ते तिनं कसे फेडले
आम्ही कधी विचारलं नाही.
आणि ती एवढं एकच
ओरडून बोलली नाही.

अक्षराची ओळख नव्हती.
डब्यांवर गेरूनं खुणा करायची :
दोन रेघा म्हणजे कॉन्स्टेबल भिंताडे,
फुली सॅम्युअल मास्तरांची,
चंद्रकोर शबानाच्या अम्मीची,
आणि मोडक्या वेलांटीसारखं जे काही असायचं
ती होस्टेलची पोरं, उधारीवाली.
उपासाची भाजणी भल्या सकाळी, दगड झाडून.
दगडाला टाकी ती स्वतःच लावायची,
ठिणगी उडून मनगटावर पडलेला डाग
घड्याळाच्या जागी मिरवायची.

भरल्या डब्यातली मूठ
अर्ध्या डब्यात जायची.
चोरीच ती.
भिंताडेबाईंनी एकदा पकडलीसुद्धा.
"मोजा की," जिजी म्हणाली, सगळ्या आळीला ऐकू जाईलसं,
"तुमच्यात माणसं दोन, तिच्यात सात.
हिशेब चुकला असंल तर सांगा."
बाई डबा उचलून तरातरा गेल्या.
पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या.
डबा या वेळी जरा जास्त भरलेला होता,
किंवा मला तसं वाटलं.

तशी सोपी नव्हती ती.
आईनं एकदा पॅकेटातलं पीठ आणलं,
तर जिजी तिच्याशी दोन वर्षं बोलली नाही.
दोन वर्षं. दीड खोलीत. त्या आवाजाची बाई.
बोलली तेव्हाही एवढंच :
"मीठ दे."
आई अजून तो दिवस
तारखेनिशी सांगते.

तेराव्यानंतर डबे ज्याचे त्याला पोचवले.
एक उरला.
निळं झाकण, आत निवडलेली ज्वारी,
बाहेर गेरूचा गोल
आणि गोलातून निघून कुठेच न गेलेली रेघ.
मास्तरांना विचारलं, अम्मीला विचारलं,
होस्टेलवर जाऊन आलो.
ती खूण वाचणारं माणूस एकच होतं.

शेवटी एका बुधवारी मोटर चालू केली.
"पीठ बोटाला कळतं, डोळ्याला नाही,"
ती म्हणायची, म्हणून अंगठ्यानं चोळून पाहिलं.
जाड.
पुन्हा टाकलं. पुन्हा जाड.
इतका वेळ कुणी ओरडलं कसं नाही
म्हणून मी मागे वळलो.

डबा फळीवर आहे.
पीठ जुनं व्हायला लागलं की
आमच्याकडे त्याच्या भाकरी होतात
आणि तेवढीच ज्वारी दळून
मी पुन्हा भरून ठेवतो.
हल्ली जरा बारीक येतं.
ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा,
दळणाचे पैसे नाहीत.
सकाळी आठ ते बारा, चार ते आठ.
गुरुवार सोडून.